आकाश एका खोलीत आणताना

इंदूरच्या राजवाड्यासमोर अहिल्यादेवींचा पुतळा असलेली छोटी बाग आहे. हिवाळ्यातल्या निरभ्र संध्याकाळी तिथं थांबून वर पाहिलं तर दोन तऱ्हेची विमानं दिसतात. एक शहराच्या उत्तर अंगाने खाली येत बिजासन टेकडीकडच्या विमानतळावर उतरणारं. दुसरं पार वर, पांढरी रेघ ओढत निघून जाणारं. पहिल्या विमानाचा वैमानिक इंदूरच्या टॉवरशी बोलत असतो. दुसऱ्याचा इंदूरशी काहीच संबंध नसतो. तो शेकडो किलोमीटर दूर, मंद उजेडाच्या खोलीत रडारच्या पडद्यापुढे बसलेल्या कुणाशी तरी बोलत असतो. देशात अशा खोल्या किती असाव्यात, त्या कुठे असाव्यात आणि हे कुणी, कोणत्या कायद्याने ठरवावं, हा प्रश्न आता आपल्या दाराशी आला आहे. त्याचं उत्तर ज्या शहरात शोधलं जातंय ते शहर नागपूर आहे.

भारतीय विमानतळ प्राधिकरणाने २०२४ मध्ये एका योजनेचा सविस्तर प्रकल्प अहवाल तयार करण्यासाठी इच्छुकांकडून प्रस्ताव मागवले. योजनेचं नाव ‘ईशान’. देशाचं चार भागांत वाटलेलं आकाश एकत्र करून त्याचं नियंत्रण नागपुरातून करायचं, हा तिचा गाभा. बातमी आली आणि गेली. विदर्भात थोडं कौतुक झालं, बाकी महाराष्ट्रात फारशी चर्चा झाली नाही, आणि आम्हा माळव्यातल्या मराठी मंडळींच्या कानावर तर ती आलीच नाही. देशाच्या आकाशाच्या कारभारात इतका मोठा फेरबदल सुचवला जावा आणि त्यावर संसदेत एकही विधेयक नसावं, हे मला फार अस्वस्थ करतं. म्हणून हा सगळा प्रश्न एकदा मुळापासून पाहण्याचा हा प्रयत्न.

आधी कामाची विभागणी. विमान धावपट्टीवर असताना आणि अगदी जवळ असताना त्याची जबाबदारी टॉवरची. तिथला नियंत्रक काचेतून धावपट्टी डोळ्यांनी पाहतो. त्यापलीकडे, विमान चढत किंवा उतरत असताना, ते अप्रोचच्या ताब्यात असतं. एकदा ते उंचीवर गेलं की एरिया कंट्रोल. इंदूरहून मुंबईला निघालेलं विमान तासाभराच्या प्रवासात टॉवरकडून अप्रोचकडे, तिथून एरियाकडे, पुन्हा मुंबईच्या अप्रोचकडे आणि शेवटी मुंबईच्या टॉवरकडे सोपवलं जातं. या प्रत्येक सोपवणीला हँडओव्हर म्हणतात. हँडओव्हर जितके जास्त, तितकं बोलणं जास्त, वेळ जास्त आणि चुकीला जागाही जास्त. विलीनीकरणाच्या बाजूचं सगळ्यात सरळ कारण हेच आहे.

वरचं आकाश आजही मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार प्रदेशांत वाटलेलं आहे. गुवाहाटीला त्यातला एक उपप्रदेश आहे. या प्रदेशाला या क्षेत्रात एफआयआर म्हणतात. पोलीस ठाण्यातल्या एफआयआरशी त्याचा संबंध नाही, इथे त्याचा अर्थ उड्डाण माहिती प्रदेश. भारताकडे सोपवलेलं आकाश सुमारे २८ लाख चौरस सागरी मैलांचं आहे आणि त्यातलं निम्म्याहून कितीतरी जास्त समुद्रावर आहे. प्रत्येक विमानतळाच्या चार अक्षरी आंतरराष्ट्रीय संकेतात ही वाटणी कोरलेली दिसते. इंदूरचा संकेत व्हीएआयडी, नागपूरचा व्हीएएनपी, पुण्याचा व्हीएपीओ. पहिली दोन अक्षरं ‘व्हीए’ म्हणजे मुंबईच्या बाजूचे. ग्वाल्हेरचा मात्र व्हीआयजीआर. ‘व्हीआय’ म्हणजे दिल्लीकडचा. एकाच राज्यातलं होळकरांचं गाव मुंबईच्या आकाशाखाली आणि शिंद्यांचं दिल्लीच्या. जमिनीवरच्या राज्यांच्या सीमांशी या रेघांचं काही देणंघेणं नाही, हे यावरून कळतं. त्या रेघा पूर्वी रेडिओचा आवाज आणि मग रडारची नजर जिथवर पोहोचायची त्या हिशोबाने आखल्या गेल्या. आता देशभरातल्या रडारची माहिती केबलने आणि उपग्रहाने कुठेही नेता येते, म्हणून रेघा पुसण्याची गोष्ट निघाली.

नागपूरच का, याचं उत्तर नकाशा देतो. ब्रिटिशांनी तिथं शून्य मैलाचा दगड उभारला तेव्हापासून हे शहर देशाच्या मध्याशी जोडलेलं आहे. विमानांच्या बाबतीत मात्र याहून जवळचा दाखला आहे, आणि तो जुन्या पिढीतल्या नागपूरकरांना आठवत असेल. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री डाकोटा विमानं निघायची, मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपूर्वी विमानं आपापल्या गावी परत निघायची. ही सेवा जवळपास पाव शतक चालली. आज ज्या चार शहरांच्या नावाने आकाश वाटलेलं आहे, तीच ती चार शहरं. त्या वेळीही वाद झाला होता. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांना ही सेवा लगेच हवी होती; जे. आर. डी. टाटांचा आक्षेप असा की रात्रीच्या उड्डाणाला जमिनीवर जी साधनं लागतात ती अजून पुरेशी नाहीत. कल्पना चांगली आणि जमिनीवरची तयारी अपुरी, हा वाद ईशानलाही लागू पडतो. म्हणून मला तो इथे आठवला.

आपल्याकडे विलीनीकरण नवं नाही. इंदूरचं विमानतळच घ्या. १९३५ मध्ये होळकर संस्थानाने टाटांच्या सल्ल्याने त्याची जागा निवडली, आणि संस्थानं विलीन झाल्यावर १९५० मध्ये ते केंद्राकडे गेलं. पुढे १९७१ च्या कायद्याने आंतरराष्ट्रीय विमानतळांचं वेगळं प्राधिकरण झालं, १९८५ च्या कायद्याने राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण आणि १९९४ च्या कायद्याने दोन्हींची मोट बांधून १ एप्रिल १९९५ पासून आजचं भारतीय विमानतळ प्राधिकरण उभं राहिलं. यातली एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. संस्था एकत्र करताना प्रत्येक वेळी संसदेने कायदा केला. त्या संस्थेच्या आतल्या नियंत्रण कक्षांची जोडतोड मात्र कार्यालयीन निर्णयांवर सोडली गेली. चेन्नईच्या प्रदेशात वेगवेगळ्या केंद्रांकडचं वरचं आकाश आधी एका खोलीत आणलं गेलं, मग इतर प्रदेशांतही तसं होत गेलं. त्याचे फायदे झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्यांची विमानं वरून सरळ जातात त्यांना मध्ये कमी वेळा थांबून बोलावं लागतं, रस्ते सरळ करता येतात, इंधन वाचतं.

या सगळ्यामागे एक काळी तारीख आहे. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी अरेबियाचं जंबो जेट आणि कझाकस्तानचं मालवाहू बनावटीचं विमान हवेत धडकलं आणि ३४९ माणसं गेली. चौकशी न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्याकडे होती. ते आमच्या मध्य प्रदेशातल्या गुण्याचे. दिल्लीच्या पडद्यावर विमानाचा ठिपका दिसत होता, त्याची उंची दिसत नव्हती. येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना एकच वाट होती. त्यानंतर रडार बदलली, वाटा वेगळ्या झाल्या, विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. नियंत्रणाची सुधारणा रडारच्या गुणवत्तेवर आणि वाटांच्या आखणीवर जितकी अवलंबून असते तितकी खोल्यांच्या संख्येवर नसते, हे त्या अपघाताने शिकवलं. विलीनीकरणाच्या चर्चेत हा मुद्दा हरवतो.

दुसरं मोठं काम लष्कराशी वाटून घेण्याचं. कोविडच्या काळात, मे २०२० मध्ये, अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सांगितलं की देशाच्या आकाशाचा फक्त ६० टक्के भाग नागरी विमानांना मोकळेपणाने वापरता येतो, आणि हे बंधन सैल केलं तर वर्षाला हजार कोटी रुपये वाचतील. मराठी वाचकांना याचं उदाहरण दूर शोधायला नको. पुण्याच्या लोहगावला उतरणाऱ्या प्रवासी विमानांचं नियंत्रण हवाई दल करतं. गोव्याच्या दाबोळीला नौदल. नागपुरात एक आकाश करायचं तर त्यात ही दोन्ही दारं कुठे बसतील, हे कुठल्या तरी लिखित नियमाने ठरलं पाहिजे. दोन खात्यांच्या बैठकीत ते ठरवून भागणार नाही.

आता कायद्याकडे येऊ. १९९४ चा कायदा प्राधिकरणावर हवाई वाहतूक सेवा पुरवण्याचं कर्तव्य टाकतो. ती कुठून पुरवायची, एखादं केंद्र बंद किंवा विलीन करताना काय प्रक्रिया पाळायची, कुणाला विचारायचं, पर्यायी केंद्र असलंच पाहिजे की नाही, यावर तो बोलत नाही. त्यानंतर भारतीय वायुयान अधिनियम २०२४ आला. लोकसभेने तो ऑगस्टमध्ये आणि राज्यसभेने डिसेंबरमध्ये मंजूर केला आणि १ जानेवारी २०२५ पासून तो १९३४ च्या विमान कायद्याच्या जागी लागू झाला. नव्वद वर्षांचा कायदा बदलण्याची ती संधी होती. पण त्यातही नियंत्रण केंद्रांच्या विलीनीकरणाचं प्रकरण नाही. म्हणजे उद्या ईशानचा अहवाल आला, सरकारने तो मान्य केला, तर संसदेसमोर तो ठेवण्याची कायदेशीर सक्ती कुणावरच नाही.

जगात हे असंच चालतं का? नाही. अमेरिकेचा दाखला आपल्याला सगळ्यात उपयोगी आहे, कारण तिथं एकच सार्वभौम देश आहे आणि आकाश मोठं आहे. तिथल्या मुख्य भूमीवर वरच्या आकाशाची २० केंद्रं आहेत, अप्रोचची केंद्रं त्याहून कितीतरी जास्त. फेब्रुवारी २०१२ मध्ये मंजूर झालेल्या हवाई कायद्यात कलम ८०४ घालण्यात आलं. त्याचा आशय असा: केंद्रं एकत्र करायची योजना विमान प्रशासनाने नियंत्रकांच्या संघटनेचं म्हणणं घेऊन तयार करावी, ती जाहीर करावी, ४५ दिवस लोकांच्या हरकती घ्याव्यात, मग काँग्रेसकडे पाठवावी, आणि काँग्रेसने ३० दिवसांत ठराव करून ती फेटाळली नाही तरच अंमलात आणावी. यात विलीनीकरणाला विरोध नाही. उलट, ते करावंच असं गृहीत धरलेलं आहे. फक्त ते उजेडात करावं एवढीच अट आहे. आपल्या कायद्यात सगळ्यात आधी आणण्यासारखी गोष्ट मला हीच वाटते.

अर्थात कलम असूनही तिथं चुका झाल्याच. जुलै २०२४ मध्ये न्यूअर्क विमानतळाच्या अप्रोचचं काम न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरून फिलाडेल्फियाला हलवलं. कारण होतं मनुष्यबळाची टंचाई. काही नियंत्रकांना घरदार हलवावं लागलं. रडारची माहिती मात्र जुन्याच ठिकाणाहून तारांवरून फिलाडेल्फियाला जात राहिली. २८ एप्रिल २०२५ ला ती तार गेली. दीड मिनिटाच्या आसपास नियंत्रकांचे पडदे आणि रेडिओ दोन्ही बंद पडले. विमानं आकाशात होती आणि खाली कुणालाही ती दिसत नव्हती. कुणी मेलं नाही. पण त्यानंतर अनेक नियंत्रक मानसिक आघाताच्या रजेवर गेले आणि न्यूअर्कची उड्डाणं कित्येक आठवडे विस्कळीत राहिली. खोली हलवली तरी जुन्या तारा तशाच राहिल्या तर काय होतं, ते या दीड मिनिटात दिसलं. त्याच वर्षी जुलैमध्ये झालेल्या अर्थसंकल्पी कायद्याने नियंत्रण यंत्रणेसाठी सुमारे १,२५० कोटी डॉलर दिले. त्यातला काही पैसा अप्रोच केंद्रं एकत्र करण्याला आणि एक नवं मोठं केंद्र बांधण्याला आहे. तिथल्या विलीनीकरणाला आता कायद्यासोबत पैसाही मिळाला आहे.

एकत्रीकरणाच्या विरोधातला सगळ्यात ठोस पुरावाही अमेरिकेचाच आहे. २६ सप्टेंबर २०१४ च्या पहाटे शिकागोजवळच्या ऑरोरा इथल्या केंद्रात एका कंत्राटी कामगाराने तळघरात आग लावली आणि केबल कापल्या. एका माणसाने, एका तळघरात. पहिल्याच दिवशी सुमारे दोन हजार उड्डाणं रद्द झाली. केंद्र पुरतं चालू व्हायला १३ ऑक्टोबर उजाडला. त्या मधल्या काळात विमानं उडू शकली ती शेजारच्या केंद्रांनी शिकागोचं आकाश वाटून घेतलं म्हणून. शेजारीच नसते तर? राजवाड्यासमोर उभ्या असलेल्या इंदूरकराला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी असा हा वाडा १८०१ पासून तीनदा जळला, शेवटचा १९८४ मध्ये. दर वेळी जे वाचलं ते दगडी होतं म्हणून वाचलं आणि जे वेगळ्या ठिकाणी ठेवलेलं होतं म्हणून वाचलं. अहिल्यादेवींच्या काळात राज्यकारभार महेश्वरहून चालायचा आणि फौज तुकोजी होळकरांच्या हाती होती. दोन ठिकाणी असलेली सत्ता गैरसोयीची असते, पण एका आगीत ती संपत नाही.

युरोपची गोष्ट वेगळी आहे आणि मी तिच्यावर जरा घाईने जाणार आहे, कारण तिथला मुख्य अडसर आपल्याकडे नाही. तिथं देश अनेक आहेत. २००४ मध्ये युरोपीय संघाने एकसंध आकाशाचे नियम केले, मग देशांना नऊ गटांत बांधून २०१२ च्या अखेरीपर्यंत हवाई गट तयार करायला सांगितलं. गट कागदावर झाले. २०१७ मध्ये युरोपच्या लेखापरीक्षकांनी तपासून सांगितलं की कामाची संस्कृती सुधारली, आकाश मात्र एक झालं नाही. २०२४ मध्ये पुन्हा नवा कायदा करावा लागला. यशस्वी उदाहरण आहे ते नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टचं. १९७२ पासून एकच केंद्र बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि जर्मनीच्या वायव्य भागाचं २४,५०० फुटांवरचं आकाश सांभाळतं. त्यात दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, त्यांनी फक्त वरचं आकाश घेतलं, खालचं त्या त्या देशाकडे राहिलं. दोन, ते देशांमधल्या करारावर उभं आहे. आफ्रिकेत १९५९ पासून अनेक देशांनी एकत्र चालवलेली आसेकना ही संस्थाही अशीच करारावर उभी आहे.

करार नसला तर काय होतं? १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेनवर दोन विमानं हवेत धडकली आणि ७१ जण गेले, त्यात शाळकरी मुलं मोठ्या संख्येने होती. तिथलं दक्षिण जर्मनीचं आकाश स्वित्झर्लंडची कंपनी झुरिकहून सांभाळत होती. त्या रात्री एक नियंत्रक एकटाच दोन जागांचं काम पाहत होता, टेलिफोनची मुख्य लाइन दुरुस्तीसाठी बंद होती. अपघाताची कारणं त्यात होती. पण खटल्यात एक वेगळीच गोष्ट पुढे आली. २००६ मध्ये कोन्स्टान्झच्या न्यायालयाने जर्मनीलाच जबाबदार धरलं, कारण आपल्या आकाशाचं नियंत्रण दुसऱ्याकडे देताना त्यासाठी योग्य कायदेशीर आधारच केलेला नव्हता. व्यवहारात वर्षानुवर्षं चालत आलेली व्यवस्था कायद्याच्या कसोटीवर उभी राहिली नाही. आपल्याकडे परक्या देशाचा प्रश्न नाही. तरी पुण्याच्या हवाई दलाचं, गोव्याच्या नौदलाचं आणि नागपूरच्या नागरी केंद्राचं नातं उद्या अपघाताच्या चौकशीत तपासलं गेलं, तर त्याला कोणता कायदेशीर आधार दाखवणार?

ब्रिटनने आणखी एक धडा दिला आहे. लंडनच्या वरच्या आकाशासाठी स्वॉनविकला नवं केंद्र बांधलं. ते १९९६ मध्ये सुरू व्हायचं होतं, झालं २००२ च्या जानेवारीत. सहा वर्षांचा उशीर संगणकप्रणालीमुळे. पुढे मँचेस्टरचं काम २०१० मध्ये प्रेस्टविकला नेलं आणि संपूर्ण देशासाठी दोन केंद्रं ठेवली. एक नाही, दोन. त्यांचा हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. पण २८ ऑगस्ट २०२३ ला त्यांच्या उड्डाण आराखड्यांच्या यंत्रणेत लॉस एंजेलिसहून पॅरिसला जाणाऱ्या एका विमानाचा आराखडा आला. त्यात ‘डीव्हीएल’ हे नाव होतं. त्या नावाच्या दोन जागा आहेत, एक फ्रान्समधली डोव्हिल, दुसरी अमेरिकेतली डेव्हिल्स लेक. यंत्रणा गोंधळली आणि सुरक्षेसाठी स्वतःच बंद पडली. राखीव यंत्रणा लगेच चालू झाली, तिलाही तोच आराखडा मिळाला, तीही बंद पडली. सात लाखांहून जास्त प्रवाशांना त्याचा फटका बसला. दोन्ही यंत्रणांत एकच संगणकप्रणाली असेल तर दुसरी पहिलीची मदत करू शकत नाही. ती पहिलीची चूक पुन्हा करते.

आपल्याकडे असं होणार नाही, असं कुणी म्हणू नये. ६ नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीतली संदेश वाहतुकीची यंत्रणा बिघडली. विमानांचे उड्डाण आराखडे नियंत्रकांपर्यंत आपोआप पोहोचायचे ते थांबलं, कर्मचाऱ्यांना ते हाताने भरावे लागले, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत आठशेहून जास्त उड्डाणं उशिरा झाली. यंत्रणा जुनी आहे, असं नियंत्रकांची संघटना त्याआधीच लिहून सांगत होती. तो बिघाड एका शहरातला होता, म्हणून निभावलं.

मग नागपूर चूक आहे का? मला तसं वाटत नाही. किंबहुना किनाऱ्यावरच्या शहरांवर सगळा भार ठेवण्यापेक्षा आतलं शहर बरं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई विमानतळ दीड दिवसाच्या आसपास बंद राहिला. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईचा विमानतळ पुराने कित्येक दिवस बंद होता. पण सुरक्षित जागा म्हणजे निर्धोक जागा नव्हे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठचे मोहल्ले पाण्याखाली गेले, हे नागपूरकर विसरलेले नाहीत.

माझं मत असं आहे. वरचं आकाश, म्हणजे २५ हजार फुटांच्या वरचं, जरूर एकत्र करावं. तिथं विमानं स्थिर उंचीवर असतात आणि हँडओव्हर कमी होण्याचा फायदा तिथंच खरा आहे. पण केंद्रं दोन असावीत, दोन वेगळ्या शहरांत, दोन वेगळ्या वीजपुरवठ्यांवर, आणि दोघांची संगणकप्रणाली एकाच घरातून आलेली नसावी. एक नागपूर, दुसरं दक्षिणेत किंवा पूर्वेत. दोन्हीकडच्या नियंत्रकांनी वर्षातून काही वेळा एकमेकांचं आकाश प्रत्यक्ष सांभाळून पाहिलं पाहिजे. आणीबाणीची तयारी कागदावर असणं आणि हातात असणं यात फरक असतो. आंतरराष्ट्रीय हवाई संघटनेच्या नियमांत आपत्कालीन आराखडा करण्याची अपेक्षा आहेच, आपण ती देशाच्या कायद्यात आणावी.

खालचं आकाश मात्र शहरागणिक वेगळं असतं. तिथं मी विलीनीकरणाला सरसकट होकार देणार नाही. मुंबई आणि नवी मुंबई यांची गोष्ट वेगळी. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला. दोन्ही विमानतळ एकाच खाडीच्या दोन बाजूंना आहेत, एकीकडून चढणारं विमान दुसरीकडे उतरणाऱ्याच्या वाटेत येतं. अशा जोडीला एकच अप्रोच असणं अत्यावश्यक आहे. लंडन आणि न्यूयॉर्कने हे फार पूर्वी केलं. इंदूरला मात्र माळव्याच्या पठाराची स्वतःची हवा आहे. समुद्रसपाटीपासून अठराशे फुटांवर असलेल्या या धावपट्टीला जूनच्या अखेरीस अचानक फिरणारा वारा आणि जानेवारीतलं धुकं रोज पाहणारा नियंत्रक हवा. नियंत्रकाचं प्रमाणपत्रही त्या त्या जागेचंच असतं. इंदूरला तयार झालेला माणूस नागपुरात बसवला तर त्याला त्या आकाशाचं पुन्हा प्रशिक्षण घ्यावं लागतं, महिनेच्या महिने. माणसं हलवणं म्हणजे खुर्च्या हलवणं नव्हे. न्यूअर्कने ते दाखवलंच.

टॉवरबाबत एक नवी गोष्ट बोलली जाते, ती म्हणजे दुरून चालणारा टॉवर. स्वीडनमधल्या ऑर्नशोल्ड्सविकचा टॉवर २०१५ पासून शंभर किलोमीटरहून दूर असलेल्या सुंड्सवालहून कॅमेऱ्यांनी चालतो, लंडन सिटीचा २०२१ पासून स्वॉनविकहून. दिवसाला दोन-चार विमानं येणाऱ्या आडगावच्या धावपट्टीला हे उपयोगी पडेल, विदर्भातल्या आणि मराठवाड्यातल्या काही जागांना नक्की. इंदूरसारख्या गर्दीच्या विमानतळाचा टॉवर काढून घेण्याचं कारण म्हणून ते वापरू नये.

आणि कायद्यात काय असावं? माझी यादी लांबलचक नाही. एखादं केंद्र बंद करण्याचा, हलवण्याचा किंवा जोडण्याचा प्रस्ताव आधी जाहीर व्हावा. त्यासोबत सुरक्षेचं मूल्यमापन आणि खर्चाचा हिशोब असावा, तो विमान वाहतूक महासंचालनालयाने स्वतंत्रपणे तपासलेला असावा. नियंत्रकांच्या संघटनांना आणि संबंधित राज्यांना हरकत घ्यायला ठरलेली मुदत मिळावी. मग तो संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावा, आणि फेटाळण्याचा अधिकार संसदेकडे राहावा. पर्यायी केंद्राशिवाय कुठलंही मोठं केंद्र सुरू करता येणार नाही, हे कलम वेगळं असावं. हवाई दल आणि नौदलाशी आकाश वाटून घेण्याचे नियम अधिसूचनेत असावेत, पत्रव्यवहारात नाहीत. आणि हलवल्या जाणाऱ्या नियंत्रकांच्या घराचा, मुलांच्या शाळेचा, नव्या आकाशाच्या प्रशिक्षणाचा वेळ प्रकल्पाच्या वेळापत्रकात धरलेला असावा. १९९४ च्या कायद्यात एक नवं प्रकरण घालून हे सगळं होऊ शकतं; नव्या कायद्याचीही गरज नाही.

ईशानचा अहवाल अजून विधेयकाच्या रूपात आलेला नाही. म्हणजे वेळ आहे. महाराष्ट्रातले, मध्य प्रदेशातले आणि गोव्यातले खासदार हा प्रश्न एकत्र विचारू शकतात, कारण तिन्ही राज्यांच्या आकाशाला तो लागतो. नागपूरकरांनी आपल्या शहरात येणाऱ्या या केंद्रासाठी जमीन आणि इमारत मागण्याआधी दुसरं केंद्र कुठे असेल ते विचारावं. आणि आम्ही इंदूरकरांनी एवढंच विचारावं की बिजासनच्या बाजूला संध्याकाळी उतरणाऱ्या त्या विमानाशी बोलणारा माणूस पुढच्या दहा वर्षांत कुठे बसलेला असेल.